नवेगाव बांध, अमुक तुकुम, तमुक रीठ: झाडीपट्टीतल्या तळ्याकाठच्या गावांची नावं कशी पडली?

मौजा_शोध

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीत, तलावाच्या पाळीला (पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीला) लागून वसलेली शेकडो गावं आहेत. त्यांच्या नावांबद्दल एकाच ठिकाणी नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

सुरुवात नवेगाव बांधपासून करू (तहसील अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया). जुन्या गॅझेटियरातली नोंद थोडक्यात अशी: अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने हा तलाव बांधला, घेर सतरा मैल म्हणजे सत्तावीस किलोमीटरच्या आसपास, भोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि कोलू पाटलाचाच पुढे कोलासूर देव झाला. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामुळे नाव राज्यभर पोचलं.

माझे प्रश्न तीन. यातलं 'नवे' म्हणजे नवीन की नऊ? तलावाच्या गावाला 'बांध' का, 'तलाव' का नाही? आणि आजूबाजूच्या गावांच्या मागे लागलेले तुकुम, माल, चक, रीठ, टोला हे शब्द नेमकं काय सांगतात?

दंतकथा चालेल, पण सोबत कागद किंवा जमिनीवरची खूण द्या, ही विनंती.

झाडीकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर व्याकरणातच आहे जी. नऊ गावं असती तर नाव 'नऊगाव' किंवा 'नौगाव' पडलं असतं. 'नवे' हे नपुंसकलिंगी विशेषण आहे, गाव या शब्दाशी जुळणारं: नवे गाव, जसं वडेगाव नव्हे (ते वडावरून), पण जुने गाव, मोठे गाव. पूर्व विदर्भाच्या कोणत्याही तहसिलीची यादी उघडा, एकदोन नवेगाव निघतीलच. नऊ गावांची जुळणी प्रत्येक ठिकाणी कशी लावणार?

'बांध'चं म्हणाल तर घाटावर बांध म्हणजे शेताची हद्द. आमच्याकडे नाही. आमच्याकडे धानाच्या एका वाफ्याला 'बांधी' म्हणतात, त्या बांधीच्या कडेला 'धुरा', आणि पाणी अडवायला घातलेली मोठी भिंत तो 'बांध'. तलाव म्हणजे त्या भिंतीने अडलेलं पाणी. माणसाने केलेली वस्तू भिंत होती, नाव तिचं पडलं. सिवनी बांध, सिरेगाव बांध, सगळीकडे हाच प्रकार.

आणि एक. झाडीबोलीत ळ नाही, त्याचा र होतो. डोळा तो डोरा, काळा तो कारा. तशी तलावाची पाळ ती 'पार'. वऱ्हाडात त्याच ळ चा य होतो, डोया, काया. त्यामुळे वऱ्हाडचा माणूस आणि झाडीचा माणूस एकच नाव वेगळं लिहून देतो आणि मधे बसलेला कारकून तिसरंच लिहितो.

मिसलवाचक

तिसरा प्रश्न माझ्या कामाचा. लोक नावाच्या पुढच्या भागामागे लागतात: अर्जुनी का, बोरगाव का, सावरी का. तो भाग बहुतेक वेळा झाडाचाच असतो आणि त्यातून फारसं हाती लागत नाही. खरी माहिती शेपटात असते. गाव कोणत्या अटीवर वसलं, ते शेपूट सांगतं.

तुकुम: चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळातली पद्धत. जंगल तोडून, तलाव बांधून जमीन वहितीखाली आणणाऱ्याला सनद मिळे. चांद्याच्या पहिल्या इंग्रजी बंदोबस्ताच्या (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या) अहवालात (१८६९) गोंड राजा हीरशहाच्या नावावर नोंद आहे की ज्याने तलाव बांधला त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन दिली. म्हणजे जमिनीचं माप पाण्याने ठरायचं. शेपटात तुकुम दिसलं की आधी नकाशावर तलाव शोधायचा. आज तो बुजला असेल, तरी जुन्या नकाशावर पाळीची रेघ सापडते. चंद्रपूर शहरात ज्याला सगळे नुसतं 'तुकुम' म्हणतात तो भागही असाच. आता तिथे कॉलन्या आहेत, पण नावाला सनद चिकटलेली आहे.

माल आणि चक: एकाच नावाची दोन गावं, एक माल आणि एक चक, अशी जोडी चंद्रपूर-गडचिरोलीच्या यादीत भरपूर. माल हे मूळ गाव. चक म्हणजे त्यातून किंवा शेजारून वेगळा काढलेला तुकडा.

रै: हे रयतवारीचं संक्षिप्त रूप. मध्ये मालगुजार (गावाचा सारा गोळा करून भरणारा जमीनमालक) नाही, सरकार थेट कास्तकाराकडून सारा घेणार. 'विसापूर रै', 'देवई गोविंदपूर रै' ही नावं कागदावर अशीच येतात. नवीन माणूस 'रै' हा गावाच्या नावाचाच तुकडा समजतो.

रीठ: उजाड गाव. महसुली भाषेत 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही. वस्ती नाही, पण मौजा (महसुली गाव) कायम आहे, शेतं कायम आहेत, सारा कायम आहे. तळ्याकाठच्या गावांमध्ये रीठ का जास्त, हे तलाव बांधणारी मंडळी नीट सांगतील.

टोला/टोली: मूळ गावातून बाहेर पडलेली वस्ती. मोठा तो टोला, लहान ती टोली, असा ढोबळ भेद लोक करतात, पण कागदावर तो पाळलेला नाही.

देशावरची

मस्त माहिती. आमच्याकडे तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे. तिथे शेपटात घराणं आहे. तुमच्याकडे शेपटात जमिनीच्या हक्काचा प्रकार. म्हणजे खुर्द-बुद्रुक हे दोन्हीकडे समान, आणि बाकीचं वेगळं?

मिसलवाचक

बरोबर ताई. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे 'बुजुर्ग', थोरलं. हे फारसी दप्तराचे शब्द, त्यामुळे सगळीकडे पोचले. घराण्याचं नाव लागायला मोठं वतन लागतं. इकडे तलाव बांधणारा पाटील होता, सरदार नव्हता. तरी कोलू पाटलाचं बघा, गावाच्या नावात तो नाही, पण डोंगरावर देव होऊन बसलाय. वतनदारापेक्षा हे जास्तच झालं!

आणखी एक प्रकार राहिला, ओळखीसाठी लावलेलं शेपूट. अर्जुनी नावाची दोन मोठी गावं एकाच जिल्ह्यात. एक शेजारच्या मोरगावला जोडून 'अर्जुनी मोरगाव', दुसरी नागपूर-रायपूर सडकेवरची म्हणून 'सडक अर्जुनी'. दोन्ही तहसिलीची ठिकाणं. नवेगावला 'बांध' हे शेपूट याही कारणाने घट्ट बसलं असणार, कारण आसपास नवेगाव पुष्कळ.

पाळ_तुडुम

रीठ का जास्त, याचं उत्तर पाळीत आहे. आधी गाव बसतं कसं ते पाहू.

तलावाची जागा निवडताना दोन टेकड्यांच्या सोंडा जिथे सर्वांत जवळ येतात ती खिंड धरतात. पाळ आखूड, पाणी भरपूर. माती तलावाच्या पोटातूनच काढायची. त्याने दोन कामं होतात, पोट खोल होतं आणि पाळीला माती मिळते. मात्र पाळीच्या अगदी पायाशी खणायचं नाही, नाहीतर पाया पोकळ होतो. मातीचे पातळ थर टाकायचे, प्रत्येक थर बैल फिरवून तुडवायचा आणि मग पुढचा. पावसाळा आला की काम थांबतं आणि तोवरचा थर बसतो. घाईने एका उन्हाळ्यात उंच केलेली पाळ पहिल्या पावसात खचते. पाण्याच्या बाजूला दगडाची पिचिंग (अस्तर), कारण लाटा माती चाटतात.

पाणी सोडायला 'तुडुम'. पाळीच्या आतून जाणारा दगडी किंवा लाकडी नळ आणि पाण्याच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भोकं, प्रत्येकात बूच. पाणी भरलेलं असताना सर्वांत वरचं बूच काढायचं, पातळी उतरली की त्याखालचं. असं केल्याने नळावर एकदम दाब येत नाही. जास्तीचं पाणी जायला पाळीच्या टोकाला, शक्यतो कठीण मुरमात किंवा खडकात, सांडवा.

आता गावठाण. ते पाळीच्या टोकाशी, चढावर येतं. पाळीच्या खाली लगेच धानाच्या बांध्या, कारण तुडुमाचं पाणी आधी तिथे पोचतं. तिथल्या विहिरींना पाझराचं पाणी वर्षभर. वरच्या बाजूला, जिथून तलावात पाणी येतं, तिथे जंगल राखलेलं. हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवला की कोणतंही तळ्याचं गाव समजतं: वर जंगल, मग पाणी, पाळ, टोकाशी घरं, खाली धान.

पाळ फुटण्याची ठिकाणंही ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे तुडुमाच्या नळाला लागून. माती आणि दगड नीट सांधत नाहीत, पाणी नळाच्या बाहेरून वाट काढतं, आधी गढूळ झरा दिसतो, मग भगदाड. झरा स्वच्छ असेपर्यंत फार काळजी नाही, गढूळ झाला की रात्रीतून काहीही होऊ शकतं. दुसरं, खेकड्यांची आणि उंदरांची बिळं. तिसरं, पाळीवर वाढलेलं मोठं झाड. उभं असतं तोवर ते माती धरतं, मेलं की मुळं कुजतात आणि तितक्या नळ्या तयार होतात. चौथं, आणि हे माणसाचं काम, सांडव्यावर माती-फांद्या टाकून पाणी अडवणं. कुणाला मासळी जाऊ द्यायची नसते, कुणाला रब्बीला पाणी हवं असतं. एक मोठा पाऊस पडला की पाणी सांडव्याऐवजी पाळीवरून जातं. मातीची पाळ त्यापुढे टिकत नाही.

पाळ फुटली आणि दोनतीन वर्षांत बांधली नाही, तर खालच्या धानाला पाणी नाही, विहिरी आटतात, आणि माणसं शेजारच्या तळ्यावर निघून जातात. ते झालं रीठ. शेजारी जे वसतं ते 'नवेगाव'. प्रत्येक नवेगावाची हीच गोष्ट आहे असं नाही, पण नवेगाव दिसलं की एक-दीड कोसात रीठ आहे का, हे बघण्यासारखं असतं.

वाचनमात्र_७

पाळ, बूच, खेकडे... धागा नावांचा होता ना? विषयांतर होतंय.

मौजा_शोध

होत नाहीये. 'बांध' आणि 'रीठ' या दोन्ही शब्दांचा अर्थ वरच्या प्रतिसादाशिवाय कळला नसता. चालू द्या.

झाडीकर

थोडी भर. लहान तळ्याला 'बोडी' म्हणतात. ती बहुधा एका घराची, आपल्या शेताच्या वरच्या अंगाला, एखाद-दोन एकर भिजवण्यापुरती. तलाव गावाचा, बोडी घराची. त्यामुळे गावाच्या नावात 'बोडी' आली की वस्ती एका कुटुंबापासून वाढली असण्याची शक्यता जास्त.

आणि 'पार'बद्दल सावध राहा. मी वर म्हटलं की पाळ ती पार. पण म्हणून मुरपारसारख्या प्रत्येक नावातली पार ही तलावाचीच, असं नाही. नदीच्या पल्याडची 'पार' असू शकते, देवाच्या झाडाचा 'पार' असू शकतो. नकाशावर तळं नसेल तर 'पाळ' म्हणू नका.

कोहळी_इतिहास

कोलू पाटलाच्या निमित्ताने कोहळी समाजाबद्दल लिहितो, कारण या भागातले बहुतेक मोठे तलाव त्यांच्याकडे जातात आणि गावांच्या स्थापनेच्या कथाही.

समाजात परंपरा अशी की चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला होता, परतताना त्याने कोहळ्यांना सोबत आणलं. भंडाऱ्याकडचे कोहळी सांगत की आपली पहिली वस्ती लांजीला (आज बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश). १९१६ साली छापलेल्या मध्य प्रांतांच्या जातींच्या वर्णनात ही परंपरा नोंदवलेली आहे, आणि तिथेच शंकाही घेतली आहे: बोली मराठी, कुळांची नावं मराठी, चालीरीती मराठी, मग मूळ मराठी मुलुखातलंच का मानू नये? दुसरीकडे उत्तरेतल्या कोइरी या बागायतदार जातीचं नाव 'कोहिरी', 'कोहली' असंही चालतं, हा काशीच्या बाजूचा पुरावा.

माझं मत: नावाच्या साम्यावर फार भार टाकू नये. कोहळ्यांचं आवडतं पीक ऊस होतं, आणि उसाला धानापेक्षा जास्त काळ, उन्हाळ्यातही, पाणी लागतं. धान पावसाळ्यात निभावतं, तळं फक्त पावसाने दडी मारली तर. बारमाही पाण्याचे एवढे प्रचंड तलाव का बांधले, याचं उत्तर उसात आहे. गावाच्या नावांकडेही तसंच बघा. जिथे खूप मोठा तलाव आणि पाळीखाली काळी कन्हार किंवा मोरंड जमीन आहे, तिथे उसाची वस्ती. जिथे बोडी आणि हलकी सिहार, तिथे निव्वळ धानाची.

कोया_पारसी

सगळे मराठीतच फोड करताय म्हणून लिहितोय. या भागात कोहळ्यांच्या आधी गोंड वस्ती होती आणि पुष्कळ नावं गोंडी आहेत. गोंडीत पाणी म्हणजे 'एर', गाव म्हणजे 'नार', डोंगर म्हणजे 'मेट्टा'. बस्तरकडे -नार शेवट असलेली गावं ओळीने सापडतात. बोदलकसा, सालेकसा या नावांतल्या 'कसा'ला मराठी 'कसा, कशी, कसे' लावून विनोद होतात. ते विनोदच आहेत. त्या त्या गावातल्या म्हाताऱ्या गोंडी बोलणाऱ्याला उच्चार करायला लावा आणि स्वर लांब की आखूड ते लिहून घ्या. लिहिलेल्या नावावरून फोड करायला बसलात तर चूक होणारच, कारण लिहिणारा गोंडी बोलणारा नव्हता.

अजून एक. एकाच गावाला दोन नावं असतात, एक कागदावरचं आणि एक गोंडीतलं. विचारताना "तुमच्या गावाचं नाव काय" असं विचारू नका, कागदावरचंच नाव मिळेल. "आठवडी बाजारात गोंडीत बोलताना या गावाला काय म्हणता" असं विचारा.

मिसलवाचक

आता कागद. आपल्या गावाचं नाव मागे मागे नेत जायचा क्रम देतो. यात उडी मारू नका, एकेक पायरी.

आधी आजचा सातबारा. वर मौजा, तहसील, आणि जुन्या उताऱ्यांवर प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर असतो. तो लिहून घ्या. पुढे एकाच नावाची चार गावं समोर आली तर हाच नंबर कामी येतो. जनगणनेच्या ग्रामसूचीत प्रत्येक महसुली गावाला २०११ पासून सहा आकडी संकेतांक आहे, तोही टिपा. त्याच सूचीत निर्जन गावंही असतात. तुमच्या गावाच्या दहा किलोमीटर परिघातली निर्जन गावं वेगळी काढा. रीठ तिथे सापडतील.

मग अधिकार अभिलेख, १९५४-५५ चे. मालगुजारी संपवणारा मध्य प्रदेशचा (हा भाग तेव्हा त्यात होता) कायदा १९५० चा, हक्क सरकारकडे गेले ३१ मार्च १९५१ ला. त्यानंतरची ही पहिली सविस्तर नोंद. तलाव कोणत्या खसरा नंबरात (जमिनीच्या तुकड्याच्या नंबरात), कुणाच्या नावाने, ते इथे दिसतं. 'मामा तलाव' हा शब्द याच घडामोडीतून आला, माजी मालगुजारी तलाव. मामाशी काही संबंध नाही. हे दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

त्याच्या मागे मिसल बंदोबस्त, म्हणजे बंदोबस्ताच्या वेळी केलेलं गावाचं दप्तर. बहुतेक गावांचं मिसल १९१० ते १९२० च्या आसपासचं. तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नक्कल मागायची. अर्जात 'गावाचा इतिहास हवा' असं लिहिलंत तर अर्ज परत येईल. 'मौजा अमुक, बंदोबस्त नंबर अमुक, मिसलची प्रमाणित नक्कल' एवढंच लिहा. सोबत निस्तार पत्रक (गावकऱ्यांच्या सामायिक वापराच्या जमिनींचं) आणि वाजिब-उल-अर्ज मागा. महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये या दोन कागदांची तरतूद आहे. तलावाचं पाणी कुणी किती घ्यायचं, मासळी कुणाची, गाळ कुणी काढायचा, गुरं कुठून पाण्याला उतरायची, हे गावागावाचं रिवाजपत्रक म्हणजे वाजिब-उल-अर्ज. त्यात तलावांची नावं येतात, आणि ती कित्येकदा गावाच्या नावापेक्षा जुनी असतात.

शेवटी नकाशा. बंदोबस्ताचा गावनकाशा सोळा इंचाला एक मैल या मापाचा. पाळ, तुडुम, गावठाण, मरघट, आमराई सगळं दिसतं. जुनी आमराई एकटीच कुठे दिसली तर तिथे पूर्वी वस्ती असण्याची शक्यता फार, कारण घरं पडतात पण आंबे उभे राहतात. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशाही घ्या. नवेगाव बांधसाठी पत्रक ६४ डी/१. त्यावर टोले सुटे दाखवलेले असतात, महसुली नकाशावर ते मूळ मौजातच मोडतात.

देशावरची

हे सगळे कागद कोणत्या लिपीत? मोडी यायला हवी का?

मिसलवाचक

मिसल बहुतेक देवनागरीत, भाषा मात्र हिंदी-उर्दू कारकुनी: खसरा, काश्त, आबादी, मौजा, मालगुजार, नंबरदार. मोडी लागते ती भोसलेकालीन कागदाला. मिसलसाठी मोडी शिकत बसू नका, महिनाभर घसट अक्षर वाचायची सवय करा, ते पुरतं. खरी अडचण पानांची. कडा तुटलेल्या असतात आणि नेमकं गावाचं नाव कडेला असतं.

रोमनचा_रडगाणं

इंग्रजी नोंदीतून मराठी नाव परत करताना होणाऱ्या चुका, एकदा लिहून ठेवतो.

इंग्रजी नकाशावर ळ, ल, ड यांत गोंधळ होतो. ण आणि न वेगळे कळत नाहीत. बांध, बंध आणि बंद यांचं रोमन लेखन जवळजवळ एकसारखं दिसतं, मग कुणीतरी 'नवेगाव बंध' असं लिहून टाकतं. सिवनीचं रोमन लेखन वाचून माणसं 'सेओनी' म्हणतात. मोबाईलच्या नकाशावर तर रोमन नावाचं आपोआप देवनागरी केलेलं असतं, त्यावर भरवसा ठेवून कुणी गावाच्या वेशीवर पाटी रंगवली की तीच पाटी पुढच्या माणसाचा 'पुरावा' होते.

म्हणून क्रम असा: आधी कान, मग देवनागरी कागद, मग रोमन. उलटं करू नका.

टोलीवासी

टोल्यांच्या नावांबद्दल. तलावाच्या गावात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची वस्ती पाण्याच्या बाजूला असते, तिला ढिवरटोली म्हणतात. तशी इतर समाजांच्या नावाच्याही टोल्या. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची आहेत. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवलेली होती. निर्णय योग्यच आहे. प्रश्न एवढाच की जुनं नाव कुठे नोंदवून ठेवायचं? पन्नास वर्षांनी कागद वाचणाऱ्याला 'ढिवरटोली' आणि 'क्रांतीनगर' एकच हे कसं कळणार?

मिसलवाचक

वस्तीचं नाव आणि महसुली गावाचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ. वस्तीच्या बाबतीत ग्रामसभेच्या ठरावातच जुनं नाव, नवं नाव, चतुःसीमा आणि घर क्रमांक कुठून कुठपर्यंत, हे लिहून घ्या. "अमुक टोलीचं नाव तमुक नगर करण्यात येत आहे" एवढ्या एका ओळीचे ठराव होतात, ते पुढे कुणाच्याच उपयोगाचे नसतात. ठराव क्रमांक आणि तारखेसह प्रत पंचायत समितीत आणि तलाठ्याकडे द्या.

महसुली गावाचं नाव बदलणं मात्र मोठं काम. संहितेच्या कलम ४ खाली राज्य शासनाची अधिसूचना लागते, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाची हरकत नाही हेही लागतं. त्याची मार्गदर्शक तत्त्वं ११ सप्टेंबर १९५३ ची आहेत. त्यात म्हटलंय की इतिहासाशी जोडलेली नावं शक्यतो बदलू नयेत, निव्वळ स्थानिक अभिमानापोटी बदलू नयेत, आणि नव्या नावाने शेजारी दुसऱ्या गावाशी गोंधळ होऊ नये. शेपूट काढून टाकायचा प्रस्ताव म्हणूनच अडकतो. 'तुकुम' काढलं की तेच नाव असलेलं माल आणि चक शेजारी उभे असतात.

वाचनमात्र_७

विषयांतर म्हटल्याबद्दल माफी. एक प्रश्न: आमच्याकडच्या तळ्याच्या पोटात उन्हाळ्यात पाणी उतरलं की विटांचे तुकडे, खापरं आणि दळायची दोन दगडी जाती दिसतात. म्हणजे गाव बुडालं होतं का?

पाळ_तुडुम

खापरं पाहून लगेच बुडालेलं गाव म्हणू नका. तलावाच्या काठावर मूर्ती शिरवतात, गाळात भांडी फेकली जातात, पाळीच्या दुरुस्तीला बाहेरून आणलेल्या मातीतही खापरं येतात. तीन गोष्टी बघा. तुकडे एकाच पट्ट्यात आहेत की सगळीकडे विखुरलेले? पट्टा असेल तर त्याची उंची पाळीच्या माथ्यापेक्षा किती खाली? आणि तिथे चुलीची भाजलेली माती किंवा विहिरीचं गोल बांधकाम आहे का? जातं आणि विहीर एका जागी मिळाली तर वस्ती नक्की. जागा सोडून काही उचलू नका. आधी चारही बाजूंनी फोटो घ्या, पाळीच्या टोकापासून पावलं मोजा.

मिसलवाचक

आणि त्या जागेचा खसरा नंबर काढा. तलावाच्या पोटाला एकच मोठा नंबर असतो. तिथे जर मध्येच लहान नंबर तुटक दिसले, तर बंदोबस्ताच्या वेळी ती जमीन पाण्याखाली नव्हती.

वाचनमात्र_७

खसरा तीन तुकड्यांत आहे. नकाशाची नक्कल मागवतो आणि इथेच टाकतो.